आधी रात्र परत मिळवा: किशोरवयीन मुलं, सोशल मीडिया आणि घरातून करायची सुरुवात

सकाळच्या सत्राची शाळा सात वाजून दहा मिनिटांनी भरते. नववीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहून मागे वळावं, तर शेवटच्या दोन रांगांत चार-पाच डोकी बाकावर टेकलेली दिसतात. अठरा वर्षं मी नववी-दहावीची वर्गशिक्षिका आहे. मुलं पूर्वीही पेंगायची. घरात लग्न असायचं, गणपतीची आरास असायची, रात्रीची लाइट म्हणून बापाबरोबर रानात पाणी द्यायला जावं लागायचं. आता विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "बाई, झोपच लागली नाही." म्हणजे दीड वाजेपर्यंत रील्स चालू होत्या.

पालकसभेत दर वेळी कुणीतरी ठणकावून सांगतं, "मोबाइल काढूनच घेतो आता." घेतलेला मोबाइल चार दिवसांत परत द्यावा लागतो, कारण क्लासचा अभ्यास, शाळेच्या सूचना, मैत्रिणीचा निरोप सगळं त्याच्यावरच येतं. त्या चार दिवसांत घरातलं बोलणं मात्र तुटतं आणि ते पुन्हा जुळायला चार महिने लागतात. माझ्या मुलीच्या बाबतीत मी स्वतः हे केलं आहे. ती आठवीत असताना रागाच्या भरात फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. नंतर कळलं, ती मैत्रिणीच्या जुन्या फोनवर अकाउंट उघडत होती आणि मला काहीच सांगत नव्हती. ते न सांगणं मला जास्त लागलं. त्यानंतर घरात आणि वर्गात जे करत गेले, जे टिकलं, ते इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट सगळ्यात आधी. तुमचं मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा कुणी फोटोवरून धमकावत असेल, तर या पायऱ्या बाजूला ठेवा आणि थेट 'धमकी, बदनामी, फोटो' आणि 'डॉक्टरकडे कधी?' हे दोन भाग वाचा.

काळजी किती करायची?

"मोबाइलने पिढी वाया गेली" आणि "काही होत नाही, टीव्हीलाही असंच म्हणायचे" ही दोन्ही टोकं मला पटत नाहीत. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. डिजिटल वापर आणि मनाचं स्वास्थ्य यांचा संबंध उलटा निघाला, पण अगदी लहान. मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के त्यातून समजावता येत होता. दुसरीकडे, अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सल्लापत्रात म्हटलं की दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांची जोखीम दुप्पट दिसते.

शिक्षिकेला यात फारसा विरोध दिसत नाही. वर्गाची सरासरी साठ टक्के आली म्हणून नापास झालेला मुलगा पास होत नाही. बहुतेक मुलं हे सगळं पचवतात, काही मुलं मात्र खोल अडकतात, आणि आपलं मूल कुठल्या गटात आहे हे सरासरी सांगत नाही. ऑर्बेन यांच्याच २०२२ मधल्या ब्रिटिश मुलांवरच्या अभ्यासात हा परिणाम जास्त जाणवण्याचं वय मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलग्यांमध्ये १४-१५ असं दिसलं, आणि पुन्हा एकदा १९ च्या आसपास. आपल्याकडे मुलीच्या हाती स्वतःचा फोन येतो तो साधारण सहावी ते आठवीतच.

आणि फोन घरोघरी आहे. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं त्यांतल्या ५७ टक्क्यांनी सांगितलं, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. "अभ्यासाला हवा" म्हणून घेतलेल्या फोनची ही गोष्ट आहे.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त पाहा

आठ दिवस काहीही बंद करू नका, टोमणा मारू नका. एका वहीत रोज दोन ओळी लिहा: मूल किती वाजता झोपलं, सकाळी कसं उठलं, धड जेवलं का, मित्रांना भेटलं का, फोन खाली ठेवल्यानंतर चेहरा कसा होता. ही शेवटची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. मैत्रिणीशी तासभर गप्पा मारून हसत उठलेली मुलगी आणि तासभर रील्स बघून गप्प, चिडलेली उठलेली मुलगी, दोघींचा वेळ सारखाच भरतो. दोघींची गोष्ट वेगळी आहे.

आठवड्याच्या शेवटी मुलाला शेजारी बसवून फोनमधली नोंद उघडा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. एकूण तासांवर अडकू नका. कुठल्या अॅपवर किती वेळ गेला, दिवसात किती वेळा फोन उघडला, किती नोटिफिकेशन आली आणि रात्री अकरानंतर काय चालू होतं, हे पाहा. मुलाच्या आधी स्वतःचा फोन उघडून दाखवा. माझ्या फोनवरचा फेसबुकचा आकडा पाहून माझी मुलगी काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं सोपं झालं.

चोरून फोन तपासू नका. एकदा ते उघडकीला आलं की मूल दुसरं अकाउंट काढतं, आणि मग तुम्हाला दिसतं ते फक्त तुमच्यासाठी सजवलेलं.

दुसरी पायरी: बोलायचं, पण समोर बसवून नाही

"बस इथे, मला तुझ्याशी बोलायचंय" म्हटलं की चौदा वर्षांचं मूल मनाचं दार लावून घेतं. स्कूटरवर मागे बसलेलं असताना, मटार सोलताना, कपडे घड्या घालताना बोला. हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की मुलं जास्त सांगतात. सुरुवात प्रश्नाने करा आणि त्याचं उत्तर खरोखर ऐकायची तयारी ठेवा: "हल्ली इन्स्टावर सगळ्यात जास्त काय येतं रे तुझ्याकडे?" किंवा "ग्रुपवर कुणी कुणाला फार चिडवतं का गं?" तीन गोष्टी टाळाच: "आमच्या वेळी...", मावसभावाशी तुलना, आणि मार्कांचा विषय.

मुलांना एक गोष्ट मात्र मनापासून ऐकावीशी वाटते, ती म्हणजे हे अॅप चालतं कसं. मी वर्गात ते सांगते. पूर्वी पान संपायचं, "पुढे" असं बटण दाबावं लागायचं. २००६ मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञाने न संपणारं पान रचलं, बोट सरकवत राहा, मजकूर येतच राहतो. पुढे त्यानेच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. दुसरी गोष्ट अनिश्चित बक्षिसाची. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा प्रत्येक वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळतो, कधी नाही, असं असलं की कबूतर जास्त चिकाटीने टोच मारत राहतं. नऊ रील्स भिकार, दहावी भन्नाट. आपलं बोट त्या दहावीसाठी चालतं. हे ऐकून वर्गात शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, "म्हणजे आपण कबूतर?" या वयात मुलांना कुणी आपल्याला वापरून घेतलेलं सहन होत नाही. "तुझ्यात संयम नाही" हे वाक्य त्यांना खचवतं. "हे तुला धरून ठेवायला बनवलंय" हे त्यांना पेटवतं. शिवाय ते खरं आहे. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय लागतं. समोर हजारो हुशार अभियंते, इकडे एकटं चौदा वर्षांचं मूल.

तिसरी पायरी: रात्र

एकच पायरी जमणार असेल तर ही करा. बाकी सगळं याच्यानंतर.

किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते. याच वयात शरीराचं घड्याळही थोडं पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढू लागतं, त्यामुळे मुलाला दहा वाजता खरोखरच झोप येत नाही. तो नाटक करत नसतो. त्या जाग्या तासात हातात फोन असला तर तो तास तीन तासांचा होतो. आता हिशेब करा. सात-दहाची शाळा म्हणजे पावणेसहाला उठणं. आठ तास हवे असतील तर पावणेदहाला डोळा लागायला हवा. आपल्या किती घरांत तेव्हा जेवणंच चालू असतात! म्हणून पहिला बदल बहुधा मोबाइलच्या नव्हे, जेवणाच्या वेळेत करावा लागतो.

अपुऱ्या झोपेनंतर येते ती चिडचिड, रडू, एकाग्रता नसणं, "कशातच मजा नाही" ही भावना. यातलं बरंचसं आपण सोशल मीडियाच्या किंवा वयाच्या नावावर खपवतो. झोप सुधारल्यावर दोन-तीन आठवड्यांत मूल ओळखू न येण्याइतकं बदललेलं मी पाहिलं आहे. आणि झोप सुधारूनही उदासी तशीच राहिली, तर ती वेगळी आहे, तिला मदत लागेल, हेही कळतं.

प्रत्यक्ष काय करायचं? घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला लावायचे. दिवाणखान्यातलं टीव्हीचं कपाट किंवा स्वयंपाकघरातला ओटा चालेल, झोपायच्या जागेपासून लांब. सगळे म्हणजे बाबांचासुद्धा. साधं गजराचं घड्याळ विकत आणा, कारण "अलार्मला फोन लागतो" ही पहिली सबब असते आणि ती रास्तही असते. वेळ एकदम ओढू नका. बारा वाजता झोपणाऱ्याला पहिल्या दोन-तीन दिवसांत पावणेबारा, मग साडेअकरा, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणा.

आपली घरं लहान, हे मी जाणते. एकाच खोलीत आजी मालिका बघते, बाबा दुसऱ्या पाळीवरून अकराला येतात, फोन सगळ्यांत एक. एका आईने चांगला मार्ग काढला होता: रात्री नऊनंतर फोन आजीच्या उशाशी. आजीकडून मागायला मुलाला संकोच वाटायचा आणि आजीला आपल्यावर जबाबदारी असल्याचा अभिमान. असा आपल्या घरातला माणूस शोधा.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली, क्लासचे सर रात्री साडेदहाला पीडीएफ पाठवतात. तीन-चार पालकांनी मिळून सरांना विनंती करा की आठनंतर ग्रुपवर काही टाकू नका. एकट्याने सांगितलं तर पालक कटकटे ठरतात, चौघांनी सांगितलं की नियम होतो. आम्ही शिक्षकांनीही हे पाळायला हवं. माझ्या वर्गाच्या ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर सूचना जात नाही. दुसरी, स्नॅपचॅटची स्ट्रीक. चोवीस तासांत दोघांनी एकमेकांना स्नॅप पाठवली नाही तर दिवसांची मोजणी तुटते, आणि मुलांच्या लेखी मैत्रीच तुटते. हसण्यावारी नेऊ नका. संध्याकाळी सहाला पाठवून मोकळं व्हायचं, एवढं ठरवलं तरी पुरतं.

पहिला आठवडा कठीण जाणार. मूल आदळआपट करेल, खोटं बोलेल, जुना फोन बाहेर काढेल. त्याला शिक्षा देऊ नका, नियमही सोडू नका. "तुला त्रास होतोय ते दिसतंय. फोन सकाळी मिळेल." एवढंच, रोज, त्याच आवाजात.

चौथी पायरी: अॅपच्या आत

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. एक अॅप गेलं, सवय तशीच राहिली. म्हणून नुसतं अॅप काढून टाकण्यावर माझा विश्वास नाही. आत काय येतं ते बदलायला हवं.

रविवारी अर्धा तास मुलाबरोबर बसा. आधी अकाउंटवरची जन्मतारीख बघा. इन्स्टाग्रामला किमान वय १३ लागतं म्हणून अनेक मुलांनी पाचवी-सहावीतच जन्मसाल खोटं टाकलेलं असतं, आणि म्हणून चौदा वर्षांची मुलगी अॅपच्या लेखी एकोणीस वर्षांची असते. त्याचा परिणाम मोठा आहे. किशोरवयीनांसाठीचं खास अकाउंट इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते भारतात आलं. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प राहतात, साठ मिनिटांनी बाहेर पडायची आठवण येते. सोळा वर्षांखालच्या मुलाला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. खोट्या जन्मसालामुळे यातलं काहीच लागू होत नाही. साल दुरुस्त करा. अॅपने अडवलं तर सरळ खऱ्या तारखेने नवं अकाउंट काढा.

मग फॉलो यादी उघडा. प्रत्येक नावावर एकच प्रश्न: "हे बघून झाल्यावर तुला बरं वाटतं की स्वतःबद्दल वाईट?" काय काढायचं हे मुलानेच ठरवू द्या. मुलींच्या यादीत गोरं होण्याचे, बारीक होण्याचे, त्वचेचे व्हिडिओ असतात. मुलग्यांच्या यादीत सहा महिन्यांत सिक्स पॅक, शेअर बाजारातून लाखो, बेटिंगची अॅप्स. मुलग्यांच्या या त्रासाबद्दल आपण बोलतच नाही. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने बाहेर आणली, तेव्हा कंपनीच्याच सादरीकरणात आढळलं की दर तीन किशोरींपैकी एकीच्या बाबतीत स्वतःच्या शरीराविषयीचे प्रश्न आपण आणखी बिघडवतो. कंपनीला जे ठाऊक होतं, ते आपल्या मुलींनाही ठाऊक असावं.

नको त्या रीलवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबायला शिकवा. फीड फारच बिघडलं असेल तर सुचवलेला मजकूर रीसेट करायची सोय आहे. लाइकचे आकडे लपवता येतात. व्हॉट्सअॅपमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कुणी जोडावं हे ठरवता येतं. यूट्यूबची हिस्टरी पुसून बंद केली की पहिल्या पानावरच्या शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात आणि मुलाला हवं ते स्वतः शोधावं लागतं. अभ्यासाच्या दिवसांत हे फार उपयोगी पडतं. ब्लॉक आणि रिपोर्ट कसं करायचं ते मुलाकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.

टायमरवर फार विसंबू नका. दहावीतली मुलं ते दोन मिनिटांत उघडतात.

पाचवी पायरी: मोकळा झालेला वेळ

ऑगस्ट २०२२ पासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठच्या भोंग्यापर्यंत घराघरात टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं वाचायची, बोलायची. यातलं मर्म मला भोंग्यापेक्षा त्या "सगळ्यांचं एकदम" या गोष्टीत दिसतं. एकट्या मुलाचा फोन बंद असेल तर ते ग्रुपबाहेर पडतं, आणि या वयात ग्रुपबाहेर पडणं फार दुखतं. संपूर्ण गाव जमणार नाही. सोसायटीतली चार घरं, चाळीतला एक मजला, वर्गातल्या पाच मैत्रिणींच्या आया एवढ्यांनी मिळून वेळ ठरवली तरी चालतं.

आता मुलींबद्दल. मुलगी वयात आली की आपण तिला "संध्याकाळी बाहेर जायचं नाही" म्हणतो. खेळ सुटतो, सायकल सुटते, मैत्रिणीकडे जाणं सुटतं. तिचं सगळं मैदान त्या सहा इंचाच्या पडद्यात येऊन बसतं, आणि मग आपण म्हणतो, "सारखी मोबाइल घेऊन बसते." तिला बाहेरची जागा दिल्याशिवाय फोन मागायचा आपल्याला काय अधिकार? आठवड्यातून तीन संध्याकाळी कबड्डी, कराटे, नाच, वाचनालय, मैत्रिणीच्या गच्चीवरच्या गप्पा, काहीही. सोडायला आणायला कुणीतरी मोठं जा. यात वेळ जातो, पण मुलीच्या फोनवर यापेक्षा खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

मुलग्यांना तालीम, क्रिकेट, ढोलपथक असतं. तरी जो मुलगा खेळात नाही, लाजरा आहे, त्याची अवस्था मुलीसारखीच होते. त्याला चित्रकला, बुद्धिबळ, झाडं, कुणाच्या दुकानात तासभर मदत असं काम शोधून द्या. घरातलंही काम द्या, शिक्षा म्हणून नव्हे, तर ज्यावाचून घराचं अडेल असं.

काही मुलांना मात्र ऑनलाइन जगच आधार असतं. गावात ज्याच्या आवडीचं कुणी नाही, ज्याचं वेगळेपण घरात बोलता येत नाही, त्याला तिथे माणसं भेटतात. ते तोडायच्या आधी ती माणसं कोण आहेत, एवढं मायेने विचारून घ्या.

धमकी, बदनामी, फोटो

फेक अकाउंट, ग्रुपवरची चेष्टा, एखाद्या ओळखीच्याने मागितलेला फोटो आणि मग त्यावरून पैशांची मागणी. हे मुलग्यांच्या बाबतीतही होतं. मूल सांगायला आलं तर पहिलं वाक्य हेच हवं: "बरं झालं सांगितलंस. आता हे आपण बघू." "तू पाठवलासच का?" हा प्रश्न त्या रात्री तोंडातून काढू नका. तो ऐकायला लागेल या भीतीनेच मुलं गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याचं फावतं.

चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, त्यात अकाउंटचं नाव आणि वेळ दिसू द्या. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. मग अकाउंट रिपोर्ट करून ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुलांच्या लैंगिक छळाशी संबंधित मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३०. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. १८ वर्षांखालील मुलाचा नग्न फोटो पसरत असेल तर 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या संस्थेची मोफत सेवा आहे. ती फोटोची फक्त डिजिटल खूण तयार करते, फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, आणि त्या खुणेवरून इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्या तो शोधून काढू शकतात. असा फोटो बाळगणं आणि पुढे पाठवणं पोक्सो कायदा २०१२ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून "बघा काय चाललंय" म्हणत तो नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी टाकू नये.

डॉक्टरकडे कधी?

दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास, आवडत्या गोष्टीतही मन नाही, जेवण किंवा झोप पार बदललेली, शाळेत जायचंच नाही म्हणतं, अंगावर जखमा लपवतं, वस्तू वाटून टाकतं, "मी नसलो तर बरं होईल" असं बोलतं. यातलं काही दिसलं की थांबू नका.

सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मूल मोकळं होतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात टाका किंवा घराबाहेर काढा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. पालकही फोन करू शकतात. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. "लोक काय म्हणतील" यात गेलेले दिवस मुलाच्या वाट्याचे असतात.

घडी विस्कटते तेव्हा

कायदे येत आहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आहे. चांगलंच आहे, पण आज रात्री साडेदहाला तुमच्या घरात कायदा येणार नाही.

ठरलेले नियम एका कागदावर लिहा, चार-पाचच, आणि त्यातले दोन मुलाने सुचवलेले असू द्या. महिन्यातून एकदा बसून बदला. आठवी ते दहावी या तीन वर्षांत फोनची मोकळीक वाढत जायला हवी, नाहीतर अकरावीला वसतिगृहात गेलेलं मूल पहिल्याच महिन्यात सगळी कसर भरून काढतं.

गणपतीत घडी विस्कटेल, लग्नसराईत विस्कटेल, दिवाळीच्या सुट्टीत तर नक्कीच. विस्कटू द्या. शाळा उघडायच्या चार दिवस आधी संध्याकाळी गजराचं घड्याळ पुन्हा चावी देऊन उशाशी ठेवा, पहिल्या रात्री पावणेबारा धरा, आणि दिवाणखान्यातल्या चार्जरला आधी तुमचा फोन लावा.